एका पायरीचा खून

खातून जिना चढून आली तेव्हा तिच्या ओढणीवर रक्ताचे वाळलेले डाग होते. ती बदलायचं तिला सुचलंही नव्हतं.

"यातलं पोराचं किती आणि सरांचं किती, मलाच कळंना," ती म्हणाली आणि खुर्चीत बसायच्या ऐवजी जमिनीवरच बसली.

अनिसा तांबोळीनं उठून तिला हात दिला आणि खुर्चीवर बसवलं. जुन्नरच्या बाजारपेठेत गादीच्या दुकानावर अनिसाचं छोटं ऑफिस होतं. विम्याचे खोटे दावे आणि लग्नाआधीच्या चौकश्या ही तिची रोजची भाकरी. खून क्वचितच येत. तिचा साथीदार कुंडलिक हा निवृत्त हवालदार. गाडी उत्तम चालवायचा, माणसं ओळखायचा, पण विचार करायची वेळ आली की चहा मागवायचा. आत्ताही तो चहा सांगायला निघाला होता.

"बसा, कुंडलिककाका. आधी ऐका," अनिसा म्हणाली.

खातून ओतूरला ब्लाउज शिवायची. एकुलता मुलगा शाहरुख भालेराव सरांच्या इंग्रजीच्या क्लासला जायचा. काल, रविवारी दुपारी, क्लास भरायच्या आधी कुणीतरी सरांचं डोकं लोखंडी बत्त्यानं फोडलं. शाहरुख त्यांना दोन्ही हातांवर उचलून जिन्यावर आला. खाली लग्नाची वरात चालली होती. लोकांनी रक्तानं माखलेला पोरगा पाहिला, त्याच्या हातातले सर पाहिले, आणि कुणीतरी ओरडलं की यानंच मारलं.

"आदल्या दिवशी त्याचं सरांशी भांडण झालतं. मोबाइलवरनं. साऱ्या क्लासनं ऐकलं," खातून म्हणाली. "मग काय, काठ्या, बेल्ट, डीजेच्या गाडीचा पाइप, जे हाताला येईल त्यानं मारला. पोलिस आले म्हणून धुगधुगी राहिली. सर तिथंच जिन्यावर गेले."

"शाहरुख काही बोलला?"

"शुद्धीवरच न्हाई. बेशुद्ध पोराचा हात खाटेला बेडीनं बांधलाय. शुद्धीवर आला तर फाशी, न्हाई आला तर मौत. मी अल्लाकडं मागू तरी काय, बाजी?"

अनिसानं गाडीची किल्ली कुंडलिककडं टाकली.

*

वरातीतल्या कुणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं होतं आणि सकाळपर्यंत ते तालुकाभर फिरलं होतं. कुंडलिकच्या फोनवरही होतं. डीजेच्या दणक्यात माणसांचा आवाज ऐकूच येत नव्हता. शाहरुख सरांना पायरीवर टेकवतो. काहीतरी ओरडतो. रडत रडत दोन्ही तळव्यांनी डोळे चोळतो, पुन्हा पुन्हा. मग पहिली लाथ बसते.

"लई बेकार मारलं वो," कुंडलिक पुटपुटला. पोलिसात हयात गेली तरी त्याला ते बघवत नव्हतं. अनिसानं मात्र सुरुवातीचा भाग तीनदा पाहिला.

दवाखान्यात शाहरुखचा चेहरा ओळखू येत नव्हता. जबडा सुजलेला, कान फाटलेला, डोक्याला बँडेज. डॉक्टर त्याच्या पापण्या उघडून बॅटरी मारत होते.

"बाहुल्या ठीक आहेत. हीच एक चांगली गोष्ट," ते म्हणाले.

"आणि डोळे? लाली, सूज, जळजळीच्या खुणा? काल आणलं तेव्हा काय होतं?"

"काही नाही. बाकी अंगाची चाळण आहे, पण डोळे कालही स्वच्छ होते. का हो?"

अनिसानं ते वहीत लिहून घेतलं.

*

ओतूरचे फौजदार कुंडलिकच्या हाताखाली कधीकाळी शिकले होते, म्हणून त्यांनी क्लासची खोली दाखवली. पण केस संपली आहे हे त्यांनी दारातच सांगून टाकलं.

खोली जागामालक बाळासाहेबांच्या बियाण्यांच्या दुकानावर होती. आत माश्या घोंघावत होत्या. टेबलापासून उंबऱ्यापर्यंत रक्त पसरून काळं पडलं होतं. त्यात शाहरुखच्या चपलांचे ठसे स्पष्ट उमटले होते, उंबऱ्यापासून टेबलाकडं जाणारे आणि टेबलापासून परत येणारे, परतताना जास्त खोल.

"परतीचे ठसे जड. ओझं होतं," फौजदार म्हणाले.

"आणि जातानाचे उंबऱ्यापासूनच सुरू होतात," अनिसा म्हणाली.

फळ्यावर खडूनं जिना काढला होता. पाच पायऱ्या. देवनागरीत शब्द, म्हणजे मागच्या बाकावरच्यालाही अडायला नको: 'अ लिटल', 'फेअरली', 'रादर', 'व्हेरी', 'टू'. आणि टेबलावर मिरचीच्या ठेच्याच्या पाच वाट्या, प्रत्येकीपुढं एकेक चिठ्ठी.

"हे काय आता?" कुंडलिकनं विचारलं.

"सरांची पद्धत," फौजदार म्हणाले. "दर रविवारी सर स्वतः इथंच बत्त्यानं ठेचा कुटायचे. कमी तिखटापासून जाळापर्यंत. पोरांनी भाकरीला लावून खायचा आणि किती तिखट ते इंग्रजीत सांगायचं. नुसतं 'व्हेरी' म्हटलं की पुन्हा खायचं. माझा भाचा होता ना क्लासला."

चार वाट्या तशाच होत्या. पाचवीतला जवळजवळ सगळा ठेचा उपसला होता आणि उरलेल्यात चार बोटांच्या चऱ्या दिसत होत्या.

"हा सरांच्या डोळ्यांत कोंबला," फौजदार म्हणाले. "माणूस आंधळा झाला, तडफडला, मग बत्ता. एक नव्हे, चार घाव. कपाळाचं हाड आत गेलं होतं. बत्ता पुसून ठेवलेला. एवढ्या तिखटात श्वाससुद्धा नीट घेता आला नसेल त्यांना."

अनिसा वाटीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "चला, शेजाऱ्यांना भेटू."

*

गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला जानकाबाईंची खानावळ होती. ठेच्यासोबतच्या भाकऱ्या त्यांच्याकडूनच जात. सरांचं नाव काढताच बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"कालच्या भाकऱ्या तशाच पडल्यात बघा. कुत्र्याला घालाया बी हात धजंना."

"आवाज काही आला का, मावशी?"

"कसला आवाज? वरातीनं पत्रे हादरत व्हते. गलका झाला तवा भाईर आले. खोलीत डोकावले. लई रगत व्हतं. उंबऱ्यापातुर थारोळं. म्या तशीच मागं फिरून खानावळीत आले."

"मग?"

"मग काय, लोक त्या पोराला मारत व्हते. तेवढ्यात रवी आला. सरांचा रविंद्र वो, बारक्या पोरांना शिकवतो तो. पांढराफटक पडलेला. म्हनला, मावशी, भोवळ येतीया, ताक द्या. तांब्याभर ताक दिलं. मोरीपाशी पाठमोरा बसून प्यायला आन् रिकामा तांब्या आणून ठिवला. मीबी मग त्याच तांब्यानं पानी प्यायले तर व्हट चुरचुरले. दिसभर मिरच्या कांडून माझ्या हातालाच तिखट, दुसरं काय."

"तांब्या घासला का?"

"न्हाई गं. काल कुनाला सुद व्हती? त्यो काय, कोपऱ्यात."

अनिसानं फौजदारांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. ते वैतागले, पण तांब्या पिशवीत गेला.

खाली बाळासाहेब शटर अर्धं ओढून बसले होते. जागा रिकामी करून पाहिजे म्हणून त्यांचं आणि सरांचं वर्षभर वाजत होतं, हे अख्ख्या ओतूरला ठाऊक होतं. ते त्यांनी स्वतःच सांगितलं.

"भांडण व्हतं, पण मानूस सोन्यासारखा. मी वरातीत व्हतो, ताई. नवरदेव माझा मेहुणा. गलका झाल्यावर वर गेलो. रक्त लई. पाय ठेवायला जागा न्हाई, दारातूनच फिरलो."

"सरांचं कुणाशी वाकडं?"

"छे हो. लोकांचं भलंच करायचे. परवाची गोष्ट. कॉलेजातनं फोन आला, तुमचा रविंद्र आमच्याकडं मास्तर म्हणून घ्यावा का म्हणून. मी बाजूलाच उभा. सर म्हनले, 'फेअरली गुड.' केवढं कौतुक! काल सकाळी यष्टी स्टँडवर रवी भेटला, म्हनलं, लेका, पेढे काढ, सरांनी तुला फेअरली गुड म्हटलंय."

"चांगलंच म्हणायचं की," कुंडलिक म्हणाला.

"तर काय. पोरगं लाजलं जनू. काही न बोलता निघून गेलं."

*

रविंद्रचं घर गावाबाहेर, द्राक्षाच्या बागेला लागून होतं. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग, डोळे रडून सुजलेले. सरांनी त्याला बोटाला धरून वाढवलं होतं, असं तो म्हणाला आणि रडू लागला. ते रडणं खोटं नव्हतं, असं कुंडलिकनं नंतर शपथेवर सांगितलं आणि ते खरंच होतं.

आईनं पाहुण्यांसाठी ताकाचे पेले आणले. दोनच.

"तुम्ही?" अनिसानं रविंद्रला विचारलं.

"त्याला ताक, दही काय चालत न्हाई," आई म्हणाली. "बारका व्हता तवापासून दम्याचा तरास. थेंब जरी पोटात गेला तरी रातभर धापतो. चहा टाकते त्याला."

अनिसानं पेला ओठाला लावला. "काल तुम्ही कधी पोचलात?"

"क्लासलाच येत होतो. गर्दी दिसली, तशी वर धावलो. शाहरुखला लोक मारत होते. मी दारातून खोलीत नजर टाकली."

"लई रक्त व्हतं म्हने," कुंडलिक म्हणाला.

रविंद्रच्या कपाळाला आठी पडली. "'लई' म्हणून काही कळत नाही, काका. सर हेच शिकवायचे. रक्त थोडं होतं. टेबलाच्या पायापाशी, ताटलीएवढं. बाकी फरशी कोरडी होती."

"एवढं नीट लक्षात राहिलं?"

"सवय आहे. जेवढं असेल तेवढंच सांगायचं."

"मग मलाही शिकवा," अनिसा म्हणाली. "फळ्यावर 'फेअरली' आणि 'रादर' पाहिलं. दोन्हींचा अर्थ 'बऱ्यापैकी'च ना?"

तो क्षणभर खरोखरच मास्तर झाला. "तिखटपणा दोन्हींत जवळपास तेवढाच असू शकतो. फरक खाणाऱ्याचा. ज्याला तो मानवला तो 'फेअरली' म्हणतो, ज्याला बोचला तो 'रादर'. 'व्हेरी' म्हणजे खूप, पण सोसवतं. 'टू' म्हणजे मर्यादा ओलांडली, पुढं काही शक्यच नाही."

"आणि माणसाला 'फेअरली गुड' म्हटलं तर?"

रविंद्रनं पेल्यांकडं पाहिलं. "म्हणजे ठीक. चालेल. त्याहून चांगला मिळाला नाही तर घ्या."

गाडीत बसल्यावर कुंडलिकनं किल्ली लावली, पण फिरवली नाही. मग म्हणाला, "म्हंजी ते कौतुक नव्हतंच?"

"नाही, काका."

"आयला. मी तर पेढे मागितले असते."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी फौजदारांनी सगळ्यांना क्लासच्या खोलीत बोलावलं. जानकाबाई, बाळासाहेब, रविंद्र बाकांवर बसले. खातून दाराशी उभी राहिली. सरांचं रक्त पडलं होतं तिथं तिला पाय ठेववेना.

"केस संपली आहे, असं फौजदारसाहेब म्हणतात," अनिसानं सुरुवात केली. "शाहरुखच्या अंगावर रक्त, आदल्या दिवशी भांडण. पुरावा भरपूर वाटतो. पण भरपूर म्हणजे किती, ते कुणी मोजलंच नाही.

"मारणाऱ्यानं पाचव्या वाटीतला ठेचा उघड्या हातानं उपसला. बोटांच्या चऱ्या आहेत. ज्यानं कधी मिरच्या कुटल्या त्याला विचारा, तो हात पाण्यानं धुऊन सुटत नाही. आता व्हिडिओ पाहा. शाहरुख दोन्ही तळव्यांनी डोळे चोळतोय, पुन्हा पुन्हा. तो ठेच्याचा हात असता तर तिथंच आंधळा झाला असता. डॉक्टर सांगतात, डोळे स्वच्छ होते."

"हात धुतले असतील," फौजदार म्हणाले.

"पाण्यानं ती आग जात नाही, आत्ताच म्हटलं. शिवाय ठसे पाहा. आत जाणारे ठसेसुद्धा उंबऱ्यापासून रक्तातच आहेत. म्हणजे शाहरुख आत शिरला तेव्हा रक्त उंबऱ्यापर्यंत पोचलेलं होतं. घाव बसून बराच वेळ झाला होता. सर त्या वेळात एकटे पडून होते, जिवंत. त्यांना उचलणारा शाहरुख पहिला."

खातूननं दाराची चौकट घट्ट धरली.

"मी प्रत्येकाला विचारलं, रक्त किती होतं. जानकामावशी म्हणाल्या लई, थारोळं. बाळासाहेब म्हणाले लई, पाय ठेवायला जागा नाही. गर्दीनंतर ज्यांनी खोली पाहिली त्यांना हेच दिसणार. एकानं मात्र सांगितलं की रक्त थोडं, ताटलीएवढं, फरशी कोरडी. तो खोटं बोलत नव्हता. त्यानं पाहिलं तेवढंच सांगितलं. फक्त त्यानं ते गर्दीनंतर पाहिलं नव्हतं. घाव घातल्या घातल्या पाहिलं होतं."

सगळ्यांच्या माना रविंद्रकडं वळल्या. तो फळ्याकडं बघत होता.

"दुसरा कुणी असता तर 'लई रक्त' म्हणून मोकळा झाला असता," अनिसा म्हणाली. "चारचौघांसारखं बोलला असता तर सुटलाही असता. पण सरांनी तुमची ती सवयच मोडली होती."

"मला आठवण नीट नसेल," रविंद्र हळूच म्हणाला.

"असेल. मग ताकाचं सांगा. ताकाच्या थेंबानं तुम्हाला रात्रभर धाप लागते. परवा मात्र तांब्याभर ताक मागून घेतलंत आणि मोरीवर गेलात. ते प्यायला नाहीत, त्यात हात बुडवलेत. तिखटाची आग ताकानंच उतरते, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. मावशी त्याच तांब्यानं पाणी प्यायल्या तर ओठ चुरचुरले. त्यांना वाटलं, आपल्याच हाताचं तिखट."

जानकाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "आरं माझ्या कर्मा. म्या तुला ताक दिलं रं."

"तांब्याच्या काठाखाली मिरचीचं बी आणि ठेचा चिकटलेला आहे," फौजदार म्हणाले. त्यांचा सूर आता बदलला होता. "तपासणीला पाठवलाय. नखं दाखव, रविंद्र."

रविंद्र उठला. त्यानं हात पुढं केले नाहीत. कोपऱ्यातला फळ्याचा लोखंडी स्टँड उचलून त्यानं सरळ अनिसाच्या डोक्यावर उगारला. कुंडलिक मध्ये आला. त्याच्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज खोलीभर ऐकू आला, पण स्टँड त्यानं सोडला नाही. फौजदार आणि बाळासाहेबांनी रविंद्रला फरशीवर पाडलं. त्याचं तोंड आपटून फुटलं आणि दाताचा तुकडा बाकाखाली गेला.

"कौतुक व्हतं ना ते?" बाळासाहेब त्याच्या पाठीवर गुडघा रोवून विचारत होते. घामाघूम झाले होते. "मी तर चांगलं म्हनून सांगितलं व्हतं रं."

"कौतुक," रविंद्र हसला. ओठातून रक्त गळत होतं. "त्यांची खोली झाडली, त्यांची पोरं शिकवली. कॉलेजात लागलो असतो तर लग्न ठरत होतं. एक पायरी वर म्हणायला काय जात होतं त्यांचं? मी विचारायला गेलो. म्हटलं, सर, पुन्हा फोन करा, 'व्हेरी गुड' म्हणा. ते ठेचा कुटत होते. वर न बघता म्हणाले, रवी, तू अजून तिथं पोचला नाहीस, खोटं कसं सांगू? आणि मला वाटी पुढं केली. म्हणाले, खाऊन सांग, बरोबर झालाय का."

बाळासाहेबांनी त्याच्या पाठीवरचा गुडघा काढून घेतला.

"मला तेव्हा काही दिसेना," तो म्हणाला. "नंतर मी बत्ता पुसला. मागच्या नळावर शर्टावरचे शिंतोडे धुतले, पण हाताची आग थांबेना म्हणून तिथंच बसलो. वरून ओरडा झाला तेव्हा कळलं, शाहरुख सापडला."

"सापडला?" खातून म्हणाली. "तू उभा राहून बघत व्हतास. माझं पोरगं मार खात व्हतं आन् तू बघत व्हतास."

त्यानं डोळे मिटून घेतले. फौजदारांनी त्याला उभं केलं, तेव्हा खातूननं पुढं होऊन त्याच्या तोंडात मारली. एकदाच. कुणी तिला अडवलं नाही.

*

बेडी काढायला आलेल्या शिपायाला किल्ली लागत नव्हती. खातून खाटेशी उभी होती. अनिसा दारात, आणि तिच्या मागं प्लॅस्टरमधला हात गळ्यात बांधून कुंडलिक. शेवटी बेडी निघाली तेव्हा शाहरुखच्या मनगटावर काळानिळा वळ उमटला होता. शिपायानं मान खाली घालून बेडी खिशात टाकली आणि निघून गेला.

संध्याकाळी शाहरुखनं डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, डावा कान गेला आहे, पण जगेल. खातून खाटेवर वाकली. त्याच्या फुटलेल्या ओठांतून शब्द बाहेर पडायला वेळ लागला.

"अम्मी, मी सरांना खाली आणलं होतं. वाचले ना?"

खातूननं अनिसाकडं पाहिलं. अनिसानं मान खाली घातली.

"वाचले, बेटा," खातून म्हणाली, आणि त्याचा मोकळा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन बसली.